विक्रेत्याची साक्ष : अमेरिकी ऑनलाइन बाजारातील पैशांच्या वादांचा कागदोपत्री मागोवा

इंटरनेटवर माल विकणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याची तक्रार सगळीकडे जवळपास सारखीच असते. पैसे जमा झाले, माल रवाना केला, तो पोहोचलाही. काही आठवड्यांनी खरेदीदाराने वाद उपस्थित केला आणि जमा झालेली रक्कम खात्यातून परत गेली. माल मात्र परत आला नाही. यात कोणी लबाड ग्राहकाला दोष देतो, कोणी पैसे हाताळणाऱ्या कंपनीला. हा व्यवहार जिथे आकाराला आला त्या अमेरिकेतील कागद क्रमाने वाचले, तर वेगळीच गोष्ट पुढे येते. नुकसान कोणी सोसायचे हे ठरवणारे नियम एकामागून एक बदलत गेले आणि दर बदलाबरोबर विक्रेत्याच्या शब्दाचे वजन घटत गेले.

यातला पहिला कागद संगणकावरच्या खरेदीच्या कितीतरी आधीचा आहे. २८ ऑक्टोबर १९७४ रोजी अमेरिकेत ‘फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट’ मंजूर झाला आणि वर्षभराने तो लागू झाला. कार्डाच्या बिलात चूक असेल, किंवा बिलात लावलेला माल मिळालाच नसेल, तर ग्राहकाने बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करायची. कार्ड देणाऱ्या बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलांच्या काळात, फार तर ९० दिवसांत, निकाल लावायचा. तोवर वादातल्या रकमेची वसुली थांबवायची. तक्रार फेटाळली तर कारणे लेखी कळवायची आणि ग्राहकाने मागितल्यास पुराव्याच्या प्रती द्यायच्या. चोरीच्या कार्डावरील खर्चापैकी ग्राहकावर ५० डॉलरांहून अधिक भार टाकायचा नाही, ही तरतूद त्याआधी १९७० मध्येच झाली होती.

बलाढ्य बँकेपुढे एकट्या ग्राहकाला आधार देणारा हा कायदा न्याय्यच होता. त्याच्या डोळ्यांसमोरचा बाजार कोणता होता, हे त्यातल्या एका अटीवरून दिसते. मालाच्या दर्जाबद्दलचा वाद बँकेपुढे मांडायचा, तर खरेदी ५० डॉलरांहून अधिक रकमेची आणि ग्राहकाच्या स्वतःच्या राज्यातली किंवा त्याच्या पत्त्यापासून १०० मैलांच्या आतली असावी लागे. म्हणजे कायद्याच्या नजरेसमोर आसपासचे दुकान होते. त्यातले पक्षही दोनच, बँक आणि ग्राहक. दुकानदाराचा वाटा कार्ड संघटनांच्या नियमांवर आणि बँकेशी झालेल्या करारांवर सोडला गेला. त्या नियमांत एक रेघ स्पष्ट आखलेली होती. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे कार्ड पाहून पावतीवर सही घेतली असेल, तर चोरीच्या कार्डाचे नुकसान सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचे. टपालाने किंवा फोनवर ऑर्डर घेतली असेल, तर ते दुकानदाराचे. बँकेने दिलेली रक्कम दुकानदाराकडून परत वळती करण्याच्या क्रियेला ‘चार्जबॅक’ हे नाव मिळाले. पुढे इंटरनेटवरचा प्रत्येक विक्रेता या रेघेच्या पलीकडच्या बाजूला जन्माला आला.

सुरुवातीला मात्र त्याला हे जाणवले नाही. पिएर ओमिड्यार यांनी सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले; तेच पुढे ईबे झाले. तिथे पैसे बहुतेक चेकने किंवा मनीऑर्डरने येत. विक्रेता चेक वटेपर्यंत थांबे आणि मग पार्सल टाकी. त्यामुळे धोका मुख्यतः खरेदीदाराचा होता. २६ फेब्रुवारी १९९६ च्या पत्रात ओमिड्यार यांनी वापरकर्त्यांना कळवले की बहुतेक माणसे प्रामाणिक असतात, काही नसतात; तेव्हा चांगला अनुभव आला तर कौतुक करा, वाईट आला तर तक्रार करा, पण दोन्ही उघडपणे करा. या पत्राने सुरू झालेल्या अभिप्राय पद्धतीत खरेदीदार विक्रेत्याबद्दल लिही, तसाच विक्रेताही खरेदीदाराबद्दल लिही. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधील व्यवहार तपासले, तेव्हा ५२.१ टक्के खरेदीदारांनी आणि ६०.६ टक्के विक्रेत्यांनी अभिप्राय नोंदवल्याचे आढळले. खरेदीदारांच्या अभिप्रायांत प्रतिकूल होते अवघे ०.६ टक्के. या आकड्यांवरून सगळेच व्यवहार सुरळीत होते असे म्हणता येत नाही, कारण उलट शेरा येईल या भीतीने अनेक जण गप्प बसत. साक्षीचा हक्क मात्र दोघांना समान होता, एवढे त्यांतून निश्चित दिसते.

पेपालने हा तोल बदलला. ईमेलवरून पैसे पाठवण्याची ही सोय १९९९ च्या अखेरीस आली आणि लिलाव करणाऱ्यांनी ती उचलून धरली, कारण चेक वटण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. ज्याच्याकडे कार्ड घेण्याची व्यवस्था नव्हती, तो घरबसल्या विकणाराही आता कार्डाचे पैसे घेऊ लागला. त्या वेगाबरोबर १९७४ च्या कायद्यातला वादाचा हक्क आणि कार्ड संघटनांचा चार्जबॅक, दोन्ही त्याच्या दारात आले.

समभाग विक्रीसाठी पेपालने सप्टेंबर २००१ मध्ये सरकारकडे दाखल केलेल्या निवेदनात याचा हिशेब आहे. जुलै ते ऑक्टोबर २००० या चार महिन्यांत फसवणुकीची मोठी लाट आली आणि अनधिकृत व्यवहारांच्या चार्जबॅकपोटी ५७ लाख डॉलर गेले. त्या वर्षीचे अशा प्रकारचे एकूण नुकसान ८९ लाख डॉलर होते. म्हणजे ६४ टक्के नुकसान या चार महिन्यांतले. गुंतवणूकदारांना धोके सांगणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे हे आकडे कंपनीच्याच लेखणीतून उतरले आहेत, आणि म्हणून ते मोलाचे आहेत.

त्याच काळातला दुसरा पुरावा सिॲटलच्या फेडरल न्यायालयातला आहे. नोव्हेंबर २००० मध्ये रशियातील चेल्याबिंस्कच्या दोन तरुणांना एफबीआयने नोकरीच्या मुलाखतीच्या बहाण्याने तिथे बोलावून अटक केली. त्यांच्या संगणकांवर ५६ हजारांहून अधिक कार्डांची माहिती सापडली. चोरीच्या कार्डांवर पेपालची खाती उघडणारे आणि ईबेच्या लिलावात स्वतःच विक्रेता व स्वतःच बोली जिंकणारा होणारे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले होते. याच पैशांतून ते अमेरिकी विक्रेत्यांकडून संगणकाचे सुटे भाग खरेदी करत. त्यांपैकी एकाला ऑक्टोबर २००२ मध्ये तीन वर्षांची कैद झाली आणि सुमारे सात लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला. ही भरपाई ज्या दोन कंपन्यांना द्यायची होती, त्यांपैकी एक पेपाल होती.

अशा लाटेपुढे कंपनीने स्वतःला सावरले, ते नियम कडक करून. विक्रेत्याला संरक्षण मिळे, पण त्याला अटी होत्या : खात्री केलेल्या पत्त्यावरच माल पाठवायचा, माग काढता येईल अशाच सेवेने पाठवायचा, आणि किंमत २५० डॉलर वा त्याहून अधिक असेल तर घेणाऱ्याची सही हवी. माल मिळालाच नाही या खोट्या दाव्याला हा पुरावा पुरेसा होता. पण खोके पोहोचले एवढेच ट्रॅकिंगच्या नोंदीवरून कळते. खोक्यात काय होते, ते कळत नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही, असे खरेदीदार म्हणाला की विक्रेत्याची पोचपावती निरुपयोगी ठरे. फसवणूक करणाऱ्याने नेमकी हीच जागा हेरली. चांगला भाग ठेवून घ्यायचा, बिघडलेला परत पाठवायचा, आणि पैसेही परत मागायचे.

विक्रेत्याची दाद पुढे कुठवर जाऊ शकत होती, हे कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयाच्या ३० ऑगस्ट २००२ च्या निकालात दिसते. खाती गोठवली, रकमा चुकीने वळत्या केल्या, असे खातेदारांचे आरोप होते. कंपनीचे म्हणणे होते की कराराप्रमाणे वाद लवादापुढेच जावा. न्यायाधीश जेरेमी फोगल यांनी करार वाचला : छापील २५ पाने, ११ विभाग. वाद मिटेपर्यंत पैसे रोखून धरण्याचा अधिकार कंपनीकडे. अटी पूर्वसूचनेविना बदलण्याचा अधिकारही तिच्याकडे. खातेदाराने मात्र एकट्याने, कंपनीच्या गावी, सांता क्लारा परगण्यात, लवादाचा खर्च सोसून दाद मागायची. सरासरी व्यवहार होता ५५ डॉलरांचा. न्यायालयाने ही लवादाची अट अन्यायकारक म्हणून अमान्य केली. आरोप खरे की खोटे, याचा निकाल त्यातून लागला नाही. कंपनीने २००४ मध्ये दोष मान्य न करता ९२.५ लाख डॉलरांवर तडजोड केली.

उरलेले दोन आधार एकाच वर्षी गेले. जानेवारी २००८ मध्ये ईबेने जाहीर केले की विक्रेत्यांना यापुढे खरेदीदाराबद्दल प्रतिकूल शेरा लिहिता येणार नाही. कारण खोटे नव्हते : सूडाच्या शेऱ्याच्या भीतीने खरेदीदार खरे बोलत नव्हते. विक्रेत्यांनी १८ फेब्रुवारीपासून आठवडाभर माल न मांडण्याची हाक दिली. मे महिन्यात नियम लागू झालाच. ऑक्टोबरअखेर अमेरिकेतील ईबेवर चेक आणि मनीऑर्डरही बहुतेक व्यवहारांतून हद्दपार झाल्या. ओमिड्यार यांच्या पत्राने दिलेली साक्ष आणि चेक वटेपर्यंत थांबण्याची मुभा, दोन्ही संपल्या.

नियम वेगळा लिहिता येतो, याचा दाखला मुंबईत आहे. रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०१० च्या परिपत्रकात ऑनलाइन निर्यातीच्या पैशांबद्दल बंधन घातले की आयातदाराची खातरी मिळताच, आणि कोणत्याही परिस्थितीत ७ दिवसांच्या आत, रक्कम निर्यातदाराच्या खात्यात जमा झाली पाहिजे. चार्जबॅक त्याने थांबला नाही. पण विक्रेत्याचे पैसे किती काळ अडकवून ठेवायचे, याला करार लिहिणाऱ्याच्या मर्जीऐवजी नियामकाची मुदत मिळाली.

ग्राहकाचे १९७४ चे संरक्षण काढून घ्या, असे या कागदांवरून कोणी म्हणू नये. ते कष्टाने मिळालेले आहे आणि खरोखर फसलेल्या माणसाला त्याची गरज आहे. मागणी एवढीच करता येते की त्याच कायद्याने ग्राहकाला दिलेल्या तीन गोष्टी विक्रेत्यालाही मिळाव्यात : निर्णयाची लेखी कारणे, विरुद्ध बाजूच्या पुराव्याची प्रत आणि निकालाची ठरलेली मुदत. खोटा दावा करणाऱ्याला यांतल्या दुसऱ्या गोष्टीचीच सर्वांत जास्त धास्ती वाटेल, कारण आपला पुरावा समोरचा वाचणार आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल.