मोजपट्टी प्रतिस्पर्ध्याच्या हाती

महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असताना केंद्रकीय संमीलनाच्या तासाला मी दरवर्षी एक वाक्य सांगत असे : ‘प्लाझ्मा कोंडून ठेवण्याचे अनेक मार्ग आजमावले गेले, त्यांत रशियन टोकामॅक सर्वांत यशस्वी ठरला.’ मुले ते वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत जसेच्या तसे लिहीत. निवृत्तीनंतर या विषयाचा इतिहास सवडीने वाचू लागलो, तेव्हा जाणवले की ‘ठरला’ या एका क्रियापदात मी फार मोठी हकीकत गिळून टाकली होती. कोणी ठरवले? कशावरून? आणि जे ठरले ते कायमचे ठरले का?

या हकीकतीच्या सुरुवातीलाच आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ या तिन्ही देशांत हे काम चालू होते. पण गुप्तपणे, एकमेकांपासून लपवून.

अडचण काय होती, ती थोडक्यात सांगतो. हायड्रोजनची जड केंद्रके एकमेकांत मिसळायची, तर वायू काही कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. एवढ्या तापमानाला त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, म्हणजेच त्याचा प्लाझ्मा होतो. तो भांड्याच्या भिंतीला टेकला, की तत्काळ थंड होतो. म्हणून भांडे हवे ते चुंबकीय क्षेत्राचे. विद्युतभारित कण चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच कडेने जातात. सरळ नळीत ते दोन्ही टोकांना निसटतात, म्हणून नळी वाकवून तिची टोके जोडायची, म्हणजे दिवाळीच्या फराळातल्या कडबोळ्यासारखा आकार मिळतो. मात्र कडबोळ्यात आतल्या बाजूचे क्षेत्र जास्त तीव्र आणि बाहेरचे कमी असते. त्या फरकामुळे धन आणि ऋण कण विरुद्ध दिशांना सरकतात आणि सगळा प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीवर जाऊन आदळतो. यावर उपाय एकच : चुंबकीय रेषांना पीळ द्यायचा, म्हणजे वर सरकलेला कण फिरून खाली येतो.

सारा वाद पेटला तो हा पीळ द्यायचा कसा, यावरून. अमेरिकेत प्रिन्स्टनचे खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी १९५१ मध्ये सुचवले की पीळ बाहेरूनच द्यावा. त्यांनी आधी नळीच आठच्या आकड्यासारखी वळवली, पुढे वेटोळ्यांची रचना बदलून तेच साधले. या यंत्राचे नाव स्टेलरेटर. साधारण त्याच सुमारास मॉस्कोत आंद्रेई साखारोव आणि इगोर ताम यांनी दुसरी वाट धरली. कडबोळ्याभोवती तीव्र चुंबकीय क्षेत्र असू द्यावे आणि प्लाझ्मातूनच विद्युतप्रवाह सोडावा. त्या प्रवाहाचे क्षेत्र पीळ देईल आणि प्रवाह प्लाझ्माला तापवीलही. हा टोकामॅक. ब्रिटिशांनीही प्लाझ्मातून प्रवाह सोडला. पण त्यांचा सगळा भर त्या प्रवाहाच्या आवळण्यावर होता, बाहेरचे क्षेत्र तुलनेने दुबळे.

पहिली ठेच ब्रिटिशांना लागली. हार्वेलच्या ‘झीटा’ यंत्रातून न्यूट्रॉन बाहेर पडताना दिसले आणि जानेवारी १९५८ मध्ये पन्नास लाख अंश तापमानाची घोषणा झाली. हे न्यूट्रॉन संमीलनाचेच आहेत याची नव्वद टक्के खात्री वाटते, असे सर जॉन कॉक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना सांगितले. वृत्तपत्रांनी समुद्राच्या पाण्यातून अमर्याद वीज मिळणार, असा गजर केला. चार महिन्यांत दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून आलेले नव्हते. अस्थिर प्लाझ्मात उसळलेल्या विद्युतक्षेत्रांनी थोड्या केंद्रकांना वेग दिला होता आणि न्यूट्रॉन त्यांच्या टकरींतून निघाले होते. थोड्या वेगवान कणांनी सगळ्या प्लाझ्माच्या तापमानाचा आभास निर्माण केला होता. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

प्रिन्स्टनमध्ये अपयश एवढे गाजले नाही, पण ते अधिक खोल होते. स्टेलरेटरमधून प्लाझ्मा अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर गळत होता. ही गळती डेव्हिड बोम यांच्या जुन्या सूत्राशी जुळत होती, आणि ते सूत्र सांगत होते की प्लाझ्मा जितका तापवाल तितका तो लवकर निसटेल. हा निसर्गनियमच असेल, तर संमीलनाची भट्टी व्यवहारात अशक्य होती. १९६० च्या दशकाच्या मध्यास बऱ्याच संशोधकांच्या मनावर हीच निराशा बसली होती.

आणि इकडे रशियन सांगत होते की आमच्याकडे गळती बोमच्या सूत्राहून कमी आहे. लेव्ह आर्त्सिमोविच हे त्या गटाचे प्रमुख. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या कलहमच्या परिषदेत त्यांचे म्हणणे फारसे कोणाला पटले नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत त्यांनी टी-३ या टोकामॅकचे आकडे मांडले : इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे एक कोटी अंश आणि प्लाझ्मा टिकण्याचा काळ बोमच्या अंदाजाच्या कित्येक पट.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांची शंका आकसातून आलेली नव्हती. रशियनांनी तापमान थेट मोजले नव्हते. प्लाझ्मातल्या एकूण ऊर्जेवरून ते काढले होते. थोडे इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने पळत असतील, तर ऊर्जेचा आकडा फुगतो आणि बाकीचा प्लाझ्मा थंडच असतो. म्हणजे झीटाचीच चूक नव्या वेशात. वर्षानुवर्षे वाद घातला असता तरी हे कागदावर सुटणारे नव्हते.

आर्त्सिमोविच यांनी या कोंडीतून जी वाट काढली, तिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. कलहम प्रयोगशाळेत लेसरने प्लाझ्माचे तापमान मोजण्याचे तंत्र चांगले विकसित झाले होते. आर्त्सिमोविच यांनी कलहमचे संचालक बास पीझ यांना सुचवले : तुमची माणसे आणि तुमचे यंत्र घेऊन मॉस्कोला या आणि आमच्या टोकामॅकचे तापमान तुम्हीच मोजा. काळ शीतयुद्धाचा होता. परिषद संपून दोन आठवडे होतात न होतात, तोच सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले होते. टी-३ होता कुर्चातोव्ह संस्थेत, आणि सोव्हिएत अणुबॉम्बचे कामही त्याच संस्थेतून सुरू झालेले. तरी दोन्ही बाजूंनी परवानग्या मिळाल्या. १९६९ मध्ये निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन, माइक फॉरेस्ट आणि पीटर विल्कॉक हे कलहमचे शास्त्रज्ञ सुमारे पाच टन सामग्रीनिशी मॉस्कोत कामाला लागले.

त्यांची पद्धत सांगायला सोपी आहे. माणकाच्या लेसरचा एकाच लांबीचा लाल प्रकाश प्लाझ्मात सोडायचा. इलेक्ट्रॉन तो विखुरतात, आणि इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट रुंदावतो. त्या रुंदीवरून तापमान कळते. मोजमाप होते ते बहुसंख्य इलेक्ट्रॉनांचे. मूठभर पळपुट्यांनी आकडा फुगत नाही. करणे मात्र महाकठीण. अब्जावधी प्रकाशकण पाठवावेत तेव्हा मोजके परत हाती लागतात, आणि तेही प्लाझ्माच्या स्वतःच्या उजेडात हरवू पाहतात.

निकाल १ नोव्हेंबर १९६९ च्या ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. शोधनिबंधाच्या लेखकांत चार ब्रिटिशांबरोबर सान्निकोव्ह हे रशियन शास्त्रज्ञही होते. तापमान खरोखरच एक कोटी अंशांपर्यंत पोहोचत होते. रशियन बरोबर होते, आणि हे सांगितले त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी.

प्रिन्स्टनने वेळ दवडला नाही. १९७० मध्ये आपला सर्वांत मोठा स्टेलरेटर ‘मॉडेल सी’ काही महिन्यांत टोकामॅकमध्ये बदलला आणि रशियनांचे निष्कर्ष पडताळून पाहिले. मग जगभर टोकामॅक उभे राहिले. त्याच वंशात १९८९ मध्ये गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ सुरू झाला. आज फ्रान्समध्ये भारतासह सात भागीदार ‘इटर’ हा महाकाय टोकामॅक उभारत आहेत. त्याला वेढणाऱ्या प्रचंड निर्वात पात्राचे भाग आपल्याकडे सुरतजवळच्या हजिऱ्यात घडले.

माझे वर्गातले वाक्य इथवरच येऊन थांबत असे. पण टोकामॅकच्या बळातच त्याचे दुखणे आहे. पीळ देणारा प्रवाह प्लाझ्मातूनच वाहतो. तो बिघडला, की सगळा प्लाझ्मा क्षणार्धात कोसळतो आणि भिंतींना तडाखा देतो. शिवाय तो प्रवाह सतत चालू ठेवायला वेगळी खटपट करावी लागते. स्टेलरेटरला या दोन्ही कटकटी नाहीत. त्याला हवी होती ती वेटोळ्यांची अचूक वेडीवाकडी घडण, आणि ती हिशेबाने काढण्याजोगे संगणक स्पिट्झर यांच्या काळी नव्हते. पुढे ते आले. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड येथे वेन्डेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये पहिला प्लाझ्मा पेटला. त्याच्या पन्नास वळणदार अतिसंवाहक वेटोळ्यांचा आकार संगणकाने ठरवलेला आहे. २०२३ मध्ये त्यात प्लाझ्मा सलग आठ मिनिटे टिकला.

म्हणजे १९६९ मध्ये स्टेलरेटर चूक ठरला नव्हता. ‘गळती हा निसर्गनियम आहे’ ही समजूत तेवढी चूक ठरली होती, आणि ती खोडली गेली यात स्टेलरेटरचेही भले होते. मॉस्कोतल्या लेसरने टोकामॅकला जिंकून दिले असे मी इतकी वर्षे मानत होतो. खरे तर त्याने दोन्ही वाटा खुल्या केल्या.

भाभांनी दिलेली दोन दशके केव्हाच उलटली. संमीलनाची वीज अजून घरात आलेली नाही. कोणते यंत्र ती आणील हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण झीटात पोळलेल्या ब्रिटिशांनी मोजण्याचे तंत्र घासूनपुसून घेतले, आणि आपल्या निष्कर्षावर विश्वास असलेल्या आर्त्सिमोविचनी मोजपट्टी त्यांच्याच हाती दिली, हे घडलेले आहे. आज पुन्हा त्या वर्गात उभा राहिलो, तर ‘ठरला’ हे क्रियापद तसेच ठेवीन. फक्त मुलांना ते वहीत उतरवू देण्याआधी विचारीन : कोणी मोजले?