ट्रान्समिशन ऑइल

गिअरबॉक्सचे तेल. ऑटोमॅटिक गाडीत ते वंगणाबरोबरच दाब पोचवते, क्लचची पकडही सांभाळते. त्यामुळे भलतेच तेल चालत नाही. गळती चटकन ओळखू यावी म्हणून त्याला बहुधा लाल रंग देतात. एकेकाळी त्यात स्पर्म देवमाशाचे तेल मिसळत. १९७०च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनज्ञांना पर्याय शोधावे लागले.

ऑटोमॅटिक गाडीत डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) असल्यास पातळी सपाट जागी, तेल गरम असताना पाहतात. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र बंद करून. काळपट रंग, जळका वास म्हणजे क्लच घासल्याची खूण.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पातळी पाहण्यासाठी बाजूचा प्लग उघडतात; तेल भोकाच्या खालच्या कडेला लागले, की पुरे. जीएल-४ दर्जाचे तेल सांगितले असता जीएल-५ ओतल्यास त्यातील गंधकयुक्त रसायने गिअरचा वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात.