गावाच्या चेहऱ्यांची राखण

माणूस गेला की त्याच्या घरचे ज्या काही दारांशी जातात, त्यांत एक दार फोटो स्टुडिओचं असतं. दहाव्याच्या आत फ्रेम हवी असते. "दादा, आमच्या आईचा एखादा फोटो असंल का तुमच्याकडं?" असं विचारत माणसं उंबऱ्याशी उभी राहतात. किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवर अशी घरं आहेत, जिथल्या म्हाताऱ्या बाईचा जन्मात एकच फोटो निघालेला असतो. तोही कुठल्यातरी सरकारी अर्जासाठी, नाहीतर भाचीच्या हळदीत गर्दीत उभी असताना. घरातली प्रत पावसात, चुलीच्या धुरात कधीच गेलेली असते. उरलेली असते ती आमच्याकडे. फोटो काढणं हा आमचा धंदा, पण काढलेला फोटो राखणं हा त्यातला निम्मा आणि अवघड भाग. त्या राखणीचाही एक इतिहास आहे.

वडिलांच्या वेळी रोल छत्तीस फ्रेमचा असे. लग्न झालं की रोल पिशवीत घालायचे, आसनगावला लोकल धरायची आणि कल्याणच्या लॅबमध्ये धुवायला द्यायचे. धुऊन आलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या बटर पेपरच्या पाकिटात जात. पाकिटावर शाईने गाव, नवरा-नवरीचं नाव, तारीख. पाकिटं पत्र्याच्या डब्यांत आणि डबे माळ्यावर. शत्रू एकच, पावसाळा. फिल्मवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत बुरशी धरतो आणि चेहऱ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. म्हणून भात कापणीला यायच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, वडील सगळे डबे उतरवत. पट्टी न् पट्टी उजेडासमोर धरून पाहत, पाकिटं बदलत. बिघाड दिसायच्या आधी शोधायला जायचं, ही शिस्त मी तिथे शिकलो.

एकच प्रत असणं हा या कलेचा जुना आजार आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले छायाचित्रकार. तेव्हा चित्र काचेवर उतरे. काच फुटली की चित्र गेलं. पुढे सिनेमा आला, तरी गोष्ट बदलली नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. तो चार रिळांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढी दोनच रिळं आहेत, आणि तीसुद्धा १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. ज्या चित्रपटापासून आपला सगळा सिनेमा मोजतो, त्याची ही गत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीने बदलापूर-कल्याणच्या सखल वस्त्या बुडवल्या. तिकडे दिलेल्या आमच्या गावच्या लेकी पुढे महिना-दोन महिने भिजून चिकटलेले लग्नाचे अल्बम घेऊन माहेरी येत राहिल्या. अल्बम वाचण्यासारखे नव्हते, पण निगेटिव्ह किन्हवलीच्या माळ्यावर कोरड्या होत्या. त्यांवरून पुन्हा प्रिंट निघाल्या. एक प्रत नदीकाठी आणि दुसरी दूर उंचावर, एवढ्यानेच त्या लग्नांच्या आठवणी वाचल्या.

त्याच सुमारास रोल संपत चालला होता. २००४ मध्ये निकॉनचा डी ७० आला आणि तालुक्याच्या फोटोग्राफरलाही परवडेल असा डिजिटल कॅमेरा हातात पडला. निगेटिव्ह नावाची वस्तूच उरली नाही. आम्ही सगळे सीडीवर, मग ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर फोटो उतरवू लागलो. या घरी भरलेल्या चकत्यांत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवेने तो थर उतरतो. काही वर्षांत त्या वाचता येईनाशा झाल्या. निगेटिव्हवरची बुरशी डोळ्यांना दिसे. इथे चकती वरून लख्ख आणि आत रिकामी. म्हणून सगळं हार्ड डिस्कवर आणलं.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या रामॅक या यंत्राबरोबर आलेल्या पहिल्या डिस्कला दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर, आणि मावत होती पन्नास लाख अक्षरं. आजच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटोही त्यात बसला नसता. आम्हाला उपयोगी पडलेला विचार मात्र १९८८ चा आहे. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध मांडला. एका अवाढव्य, महाग डिस्कऐवजी पुष्कळ छोट्या, स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. धोकाही त्यांनीच मोजून दाखवला: एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर अशा शंभर डिस्कच्या जथ्यात सरासरी ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी बिघडणार. त्यावर उपाय म्हणून माहितीबरोबर तिचा ताळाही लिहून ठेवायचा. तीन आकडे ७, ५ आणि ९, बेरीज २१. मधला ५ पुसला गेला तरी २१ मधून ७ आणि ९ वजा करून तो परत मिळतो. यंत्र बेरजेऐवजी एक आणि शून्य पडताळतं, एवढाच फरक. हा ताळा सगळ्या डिस्कवर आळीपाळीने वाटून ठेवला की झाला रेड ५.

नव्वदच्या दशकात लिनक्समध्ये ही सोय फुकट आली आणि मोठ्या कचेऱ्यांतला हा जथा जुन्या संगणकात, घरातल्या कोपऱ्यातही उभा करता येऊ लागला. आमच्याकडचा असाच आहे: लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क. सगळं ठीक असेल तर स्थितीच्या ओळीत चार 'यू' दिसतात. एक डिस्क गळाली की त्या जागी नुसती खालची रेघ येते. फोटो तरीही उघडत राहतात. त्यामुळे ज्याने ती ओळ वाचली नाही, त्याला काही बिघडलंय हे कळतच नाही.

रेघ दिसली की पहिलं काम म्हणजे नवं काही लिहिणं थांबवायचं. डिस्क मेली असं लगेच ठरवायचं नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती वाचायची. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलमध्ये असतो. आमच्या पावसाळी हवेत जोडाच्या पिनांवर गंज चढतो. केबल बदलली की तीच डिस्क पुन्हा रांगेत उभी राहते. ५ आणि १९७ हे आकडे वाढत असतील, तर पृष्ठभागच खराब होतोय, डिस्क बदलायला हवी. काढण्याआधी तिचा अनुक्रमांक डोळ्यांनी ताडून पाहायचा. चुकून चांगली डिस्क उपसली तर उरतात दोन, आणि जथा बंद पडतो. घाबरून जथा नव्याने तयार करण्याचा आदेश तर मुळीच द्यायचा नाही. कित्येकांचा डेटा डिस्कने नाही, त्या एका आदेशाने गेला आहे.

नवी डिस्क घातली की उरलेल्या तिघी सलग वाचून चौथी भरली जाते. चार टेराबाइटला नऊ-दहा तास सहज लागतात. खरी परीक्षा हीच. तिघींपैकी एकीवर कधीच न वाचलेला खराब तुकडा दडलेला असेल, तर तो याच वेळी वर येतो. किन्हवलीत वीज वळवाच्या पहिल्या गडगडाटाबरोबर जाते, म्हणून यूपीएस हवाच. आणि म्हणूनच सगळ्या डिस्क महिन्यातून एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पडताळायच्या. डेबियन लिनक्स ही पडताळणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून करतं. वडिलांचे डबे उतरवणं ते हेच.

तरीही फाळक्यांच्या रिळांशी ताडून पाहिलं की या सोयीची मर्यादा स्वच्छ दिसते. चारांतली दोन रिळं हरवली, तरी दोन उरली. त्यांतले तारामती आणि हरिश्चंद्र आज आपण पाहू शकतो. रेड ५ च्या चार डिस्कमधल्या दोन गेल्या, तर उरलेल्या दोघींतून एकही फोटो धडपणे हाती लागणं कठीण, कारण प्रत्येक मोठी फाइल चौघींत तुकड्यांनी विखुरलेली असते. शिवाय एकाच पेटीतल्या चार डिस्कना पूर एकच, आग एकच, कडाडून पडणारी वीज एकच. हाताने पुसलेला फोटो तर जथा चारही डिस्कवरून इमानदारीने पुसून टाकतो. डिस्क मेली तरी काम थांबू नये, यासाठी जथा आहे. राखण होते ती दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीने. आमची ती प्रत काळू नदीपलीकडे, मुरबाडला बहिणीच्या कपाटात असते आणि लग्नसराई संपली की ताजी होते.

शहापूर-मुरबाडमधल्या माझ्या धंदेबंधूंना एवढंच सांगणं आहे: जथा उभारा, त्याची ओळ रोज वाचा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. जुन्या निगेटिव्ह भंगारात घालण्याआधी स्कॅन करून घ्या. आणि घरोघरच्या वाचकांनी आपल्या आजी-आजोबांचे फोटो स्टुडिओतून आजच मागून घ्यावेत, एक कागदावर छापून आणि एक पेनड्राइव्हवर. दहाव्याची वाट पाहू नये.