हुकुमतीचें माप : बारामतीकर नाईकांचा कर्नाटकप्रसंग

बारामतीचें नांव घेतांच काव्यरसिकांस मोरोपंत आठवतात. इतिहासाच्या अभ्यासकांनीं पंतांचे आश्रयदाते बाबूराव नाईक यांचाही विचार केला पाहिजे. घराणें सावकारीचें, नाईकांचे बंधु आबाजी यांस पहिल्या बाजीरावांची भगिनी भिऊबाई दिलेली. इ. स. १७४० त बाजीराव वारले, तेव्हां रघूजी भोसल्यांनीं पेशवाई बाबूरावांस मिळावी म्हणून खटपट केली. ती व्यर्थ गेली. पुढें शाहू महाराजांनीं कर्नाटकची कामगिरी नाईकांकडे सोंपविली. परंतु १७४४-४५ च्या सुमारास त्यांस तेथें यश आलें नाहीं. लगेच १७४७ त सदाशिवरावभाऊंनीं सावनूरच्या नवाबाकडून पुष्कळ परगणे मिळविले.

यावरून नाईकांस सैन्य चालवितां येत नव्हतें, असा निकाल देणें घाईचें होय. यशापयशांत शत्रूचें बळ, द्रव्याची ओढ व पर्जन्य यांचाही वांटा असतो. रघूजींनीं १७४१ त घेतलेली त्रिचनापल्ली १७४३ त निजामानें घेतली. तेवढ्यावरून रघूजींस कोणी नालायक ठरवीत नाहीं.

हुकुमत मोजावयाची तर तीन गोष्टी पाहाव्या : हुकूम किती दिवसांत पोंचला, पोंचल्यावर अंमल केव्हां झाला, आणि एकाच कामीं हुकूम देणारे किती होते. पहिलीचें उत्तर पत्राची मिती व पैवस्तीची मिती यांच्या अंतरांत असतें. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्याची वार्ता सावकारी पत्रावरून नानासाहेबांस २४ जानेवारीस भेलशानजीक कळली. लढाई एका दिवसाची, वार्तेस दिवस दहा. इतक्या अंतरावरून धन्यानें युद्ध चालविणें अशक्य; मुखत्यारी फौजेबरोबरच्या सरदारास हवी. कर्नाटकांत नाईकांस ती कितपत होती, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचा निर्णय कागदच करतील. म्हणून बारामती-इंदापूर भागांतील जुनीं दप्तरें हाताळणारांस विनंति कीं, मोडी पत्राची नक्कल करतांना पैवस्तीचा शेरा व पाठीवरील अक्षरें वगळूं नयेत, आणि एका गठ्ठ्यांतील पत्रें निरनिराळ्या संग्रहांत वांटूं नयेत. एकट्या पत्रावरून मजकूर कळतो. पत्र व त्याचें उत्तर जवळ असलीं तरच काळ मोजतां येतो. गाळलेला प्रत्येक शेरा म्हणजे नाईकांच्या खटल्यांतील एक साक्षीदार गमावणें होय.