सनद कुणाची, अंमल कुणाचा?

नाशिकला द्वारकेच्या चौकात उभं राहिलं की दोन मोठ्या वाटा दिसतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाते; दुसरी तिथूनच फुटून नाशिकरोड, सिन्नर, संगमनेर करीत पुणे गाठते. 1987 सालापर्यंत नाशिककडच्या कॅथलिक माणसाचा धर्मकारभार या दुसऱ्या वाटेने चाले, कारण त्याचा बिशप पुण्याला असे. त्या वर्षी 15 मे रोजी रोमहून आज्ञापत्र निघालं, नाशिकचा निराळा धर्मप्रांत झाला, आणि येशूसंघाचे थॉमस भालेराव पहिले बिशप नेमले गेले. नाशिक, नगर, धुळे, जळगाव असा मोठा मुलूख एका कागदाने पुण्यापासून वेगळा झाला. कुठं भांडण नाही, कोर्टकचेरी नाही.

तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? आहे. पूर्वी अशाच हद्दीच्या प्रश्नावरून आपल्याच मुलखात देवळांना कुलपं लागली आहेत. ती गोष्ट ऐकली म्हणजे चर्चचा कायदा शिकायला माणसं आयुष्याची वर्षं का घालतात, ते कळतं.

वतन आणि सनद आपल्याला नवी नाहीत. पोपने पोर्तुगालच्या राजाला असंच एक वतन दिलं होतं. पूर्वेकडे राजाने देवळं बांधावीत, धर्मगुरू पाठवावेत, खर्च सोसावा. बदल्यात बिशपांची नावं सुचवण्याचा हक्क राजाचा. याला पाद्रोआदो म्हणत. पण मुलूख अफाट, आणि राजाचा हात पुरेना. तेव्हा 1622 साली रोमने धर्मप्रसाराचं स्वतःचंच खातं उघडलं, त्याचं नाव प्रोपागंडा. वतनदार जागेवर असतानाच वरून नवा कामावीसदार यावा, तसं झालं. पुढं काय होणार, हे गावकी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

या ओढाताणीत पहिला सापडला तो गोव्याचा एक ब्राह्मण ख्रिस्ती तरुण, दिवाडी बेटावरचा मातेउस द कास्त्रो. धर्मगुरू व्हावं ही त्याची इच्छा. गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. तो गप्प बसला नाही. मजल दरमजल करीत रोमला गेला, तिथं शिकला, दीक्षा घेतली. 1637 साली रोमने त्याला बिशप केलं आणि आदिलशाही मुलखाचा धर्माधिकार दिला. घरी दार बंद झालेला माणूस रोमची सनद घेऊन परतला. पण पोर्तुगीज अधिकारी ती सनद मानीनात. राजाच्या संमतीवाचून आलेला कागद आम्हाला बंधनकारक नाही, असं त्यांचं म्हणणं. डिचोलीकडे, विजापूरच्या हद्दीत राहून त्याने कारभार केला. वाद मिटला नाही, आणि कास्त्रोची अखेरची वर्षं रोममध्येच गेली.

मुंबईत तर हा तंटा शंभर वर्षांहून जास्त चालला. 1720 साली इंग्रजांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना काढून रोमने नेमलेल्या कार्मेली अधिकाऱ्याला मान्यता दिली. पुढं निर्णय उलटसुलट झाले, आणि 1794 साली भावाभावांत शेत वाटावं तशी चार देवळांची वाटणी झाली: दोन गोव्याच्या आर्चबिशपांकडे, दोन प्रोपागंडाकडे. माहीमचं सेंट मायकल देऊळ प्रोपागंडाकडे आलं. 1853 साली तिथल्या लोकांतच फूट पडली. ते देऊळ हातचं जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन स्वतः आपल्या माणसांसह आत जाऊन बसले, बाहेर दुसऱ्या पक्षाने वेढा दिला. दोन्हीकडचे लोक एकाच धर्माचे आणि एकच प्रार्थना म्हणणारे. शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं, आणि देऊळ गोव्याच्या पक्षाकडे गेलं.

हा नुसता मोठ्या माणसांच्या मानापानाचा प्रश्न नव्हता. ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने 1563 साली नियम केला होता, की लग्न आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर, दोन साक्षीदारांदेखत व्हावं. नाहीतर ते लग्नच नव्हे. आता एका वस्तीवर दोन अधिकारी हक्क सांगू लागले, तर ‘आपला’ धर्मगुरू कोणता? गरिबाच्या लेकीचं लग्न खरं की खोटं, ही शंका थेट घरात शिरायची.

हा गुंता सावकाश सुटला. 1886 साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन हिंदुस्थानात रीतसर धर्मप्रांत आखले गेले. पुण्याचा धर्मप्रांत त्याच वर्षीचा. मुंबईतला दुहेरी अंमल 1928 च्या कराराने संपला. 1950 साली पोर्तुगालने नेमणुकीतले उरलेले हक्क सोडले, आणि व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

दरम्यान कायदाही एका जागी आला. ‘कॅनन’ हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ मोजण्याचा गज. शतकानुशतकं विखुरलेले हे नियम 1917 साली एका संहितेत बांधले गेले, कलमं 2414. पुढं 1983 साली नवी संहिता आली. तीत 1752 कलमं आहेत. धर्मगुरूचे आणि बिशपचे अधिकार कुठवर, धर्मग्रामाच्या पैशाचा हिशेब कुणी पाहायचा, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या कशा ठेवायच्या, हे सारं तीत आहे. शिक्षकबंधूंना शाळेचं जनरल रजिस्टर आठवेल; त्या नोंदीइतकीच या नोंदीची किंमत.

हा कायदा शिकायचा म्हणजे पदवीनंतरचा अभ्यास. तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या झाल्यावर आणखी तीन वर्षांनी लायसेन्शिएट ही पदवी मिळते, त्यापुढं डॉक्टरेट. आपल्या देशात बंगलोरला याची सोय आहे. धर्मप्रांताच्या न्यायासनावर बसायला यांपैकी एक पदवी लागते, असं संहिताच सांगते. बिशपमंडळाने परवानगी दिली तर धर्मगुरू नसलेल्या स्त्रीपुरुषांनाही तिथं न्यायाधीश म्हणून नेमता येतं. कास्त्रोला दीक्षेसाठीसुद्धा रोम गाठावं लागलं होतं, हे इथं आठवावं.

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. चर्चच्या न्यायासनाने लग्न रद्द ठरवलं, तरी सरकारी कायद्याने ते सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने 1996 साली हे स्पष्ट केलं आहे. त्यासाठी दिवाणी कोर्टाचीच पायरी चढावी लागते. हे माहीत नसल्याने दुसरं लग्न करून फसण्याची वेळ येऊ शकते.

माहीमच्या देवळात दोन्हीकडे श्रद्धा काही कमी नव्हती. कमी होता तो दोघांनाही मान्य असा एक गज. तो हाती आल्यावरच 1987 साली द्वारकेच्या चौकातून जाणाऱ्या या कारभाराची वाट बदलली, आणि चौकाला त्याचा पत्ताही लागला नाही.