दप्तराची किल्ली

गेल्या पावसाळ्यात माधवनगरच्या एक वृद्ध बाई जुन्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. आपली आजी नेमकी कशाने गेली, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे. वानलेसवाडीच्या क्षयरुग्णालयाचे नाव मात्र दबक्या आवाजात निघे. आमच्या धर्मग्रामाच्या वहीत आजीचा स्नानसंस्कार सापडला, पण मरणाच्या कारणाविषयी वही मुकी होती. सरकारी उताऱ्यातही ते नव्हते.

त्यात कारकुनाचा दोष नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातील १७ व्या कलमान्वये कोणालाही नोंदवहीत शोध घेता येतो, उताराही मिळतो. मात्र मृत्यूचे कारण त्या उताऱ्यात उघड करता येत नाही. क्षय, कुष्ठरोग यांचे नाव निघताच सोयरिकी मोडत, हे आठवले म्हणजे या तरतुदीमागची माणुसकी कळते. परंतु ज्याच्यापासून हे झाकायचे तो शेजारी आणि ज्याला ते हवे आहे ती नात, दोघांनाही कायद्याने एकाच मापाने मोजले.

दप्तरे बंद असण्याचे दुःख आपल्या मुलखाला नवे नाही. पेशवे दप्तर पुण्यात इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि एतद्देशीय अभ्यासकांना तेथे सहजासहजी प्रवेश नव्हता. म्हणून राजवाडे खेडोपाडी वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल धुंडाळीत हिंडले. आमच्या शेजारच्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे या शाळामास्तरांनी पटवर्धनांच्या खाजगी दप्तरातील पत्रे वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड सिद्ध केले. सरकारी दार किलकिले झाले ते पुढे. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले.

स्वतंत्र भारतात १९९३ साली सार्वजनिक अभिलेखांचा कायदा झाला. त्यात ३० वर्षांहून जुने, राष्ट्रीय अभिलेखागारात आलेले कागद ‘संशोधकां’ना दाखविण्याची तरतूद आहे. नातीचा उल्लेख तेथेही नाही! माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा अधिक उदार आहे. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, काही मोजके अपवाद सोडता, मागणाऱ्यास द्यावी लागते. का हवी, हे सांगण्याचे बंधनही नाही.

पण कागदच उरला नसेल तर? रुग्णालयाने आंतररुग्णाचे कागद किमान ३ वर्षे जपावेत, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आहे. तीन वर्षांनंतर रद्दीवाल्याची वाट मोकळी. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. ते ज्या प्रेस्बिटेरियन मिशनचे, त्याचा पत्रव्यवहार फिलाडेल्फियात जतन केलेला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्लेग, देवी, कुष्ठरोग यांवरील सरकारी अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. आपल्या आज्या-पणज्यांच्या दुखण्यांचा इतिहास वाचायला आपण सातासमुद्रापार पाहावे, हे विचित्रच.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावची कोतवाल बुके बाहेर निघाली. जन्म-मृत्यूच्या त्या मोडी नोंदी वाचणारे हात मात्र मोजकेच निघाले. दार उघडले तरी लिपी कुलूप घालते.

आपल्या ख्रिस्तसभेनेही या बाबतीत फुशारकी मारू नये. स्नानसंस्कार व विवाहांच्या वह्या ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्येच घातला; पण व्हॅटिकनचे दप्तर अभ्यासकांना खुले झाले ते १८८१ मध्ये, तेरावे लिओ पोप असताना. बारावे पायस यांच्या कारकिर्दीचे कागद तर २०२० पर्यंत बंदच होते.

त्या बाईंना मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. स्नानसंस्काराच्या नोंदीची नक्कलही दिली. आजीच्या आईचे नाव त्यांनी त्या नकलेत प्रथमच वाचले आणि तो कागद घडी न घालता, तसाच हातात धरून त्या बसस्थानकाकडे निघाल्या. अर्जाच्या उत्तराची आम्ही दोघेही वाट पाहत आहोत.