पावसाला जात नसते, उताराला असते

पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, असं शाळेत शिकवतात. पडतो सारखा, पण वाहून नेताना माणूस बघतो. आमच्या गावांची रचना आठवा. वर गढी, देऊळ, पाटलाचा वाडा. गावकुसाबाहेर, बहुतेक ठिकाणी उताराला नाहीतर ओढ्याकाठी, महारवाडा-मांगवाडा. ओढा फुगला की पहिली भिंत आमचीच बसायची. हा नकाशा काही देवानं काढलेला नव्हता.

१९७२ साली पाऊस रुसला. मराठवाड्यातली, नगर-सोलापूरकडची आमची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून थकली आणि मुंबईला आली. इथं सपाट जमिनीला आधीच मालक होते. उरली होती टेकडीची धार, नाल्याचा काठ, खाडीचा चिखल. चेंबूर, घाटकोपर, गोवंडीत तिथंच पत्रे उभे राहिले. न पडलेल्या पावसानं ज्यांचं गाव सोडवलं, त्यांना पडलेल्या पावसानं इथं येऊन गाठलं.

१२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली, साठाच्या वर माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. साकीनाक्याला डोंगर झोपड्यांवर आला. २०१९ च्या जुलैत मालाडच्या पिंपरीपाड्यात आणि १८ जुलै २०२१ ला माहुलच्या भरतनगरात भिंती पडल्या. दोन्ही रात्रीच्या, माणसं झोपेत असताना.

२००५ नंतर बोट दाखवलं गेलं ते मिठीकाठच्या झोपड्यांकडं. पण नदीचं पात्र वळवून विमानतळाची धावपट्टी कुणी वाढवली? खाडीच्या तोंडावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल कुणी उठवलं? शहराची गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसापुरतीच आहेत, ती ५० ची करा, असा अहवाल १९९३ सालीच आला होता. पैसा अहवालाला मिळाला नाही. बुलडोझरला मिळाला: २००४-०५ च्या हिवाळ्यात हजारो झोपड्या पाडल्या गेल्या.

आणि पावसाआधी त्या गटारात उतरतं कोण? २०१३ चा कायदा झाल्यावरही गुदमरून मेलेल्यांची आडनावं वाचा.

दरडीखाली मेले ते सगळेच दलित नव्हते. त्यात मुसलमान होते, उत्तरेकडचे मजूर होते, गरीब मराठेही होते. म्हणजे मुंबईनं गावकूस मोडलं नाही. ते सरकवलं, आणि बाहेर ठेवायची माणसं वाढवली.

दर साली मे-जूनला टेकडीखाली नोटिसा लागतात: जागा धोक्याची आहे, खाली करा, नाहीतर जबाबदारी तुमची. कुठं जायचं, तो पत्ता त्या कागदावर नसतो.

जबाबदारी आमच्या नावावर लिहिता, तर दोस्तहो, सपाटीवरची दहा बाय बाराची जमीनही आमच्या नावावर लिहा. मग बघू, पाऊस कुणाला बघून पडतो ते.